विश्लेषण : अजिंठ्याच्या वाटेवर गाडीचा एसी गार का पडत नाही? उत्तर विलिस कॅरिअर यांच्या आयुष्यात

मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याला गाडीने निघाले की शंभरेक किलोमीटरच्या प्रवासात एक तक्रार हमखास ऐकू येते. शहराबाहेर पडेपर्यंत एसी बरा चालतो, सिल्लोडच्या गर्दीत तो कोमट होतो, मोकळ्या रस्त्यावर पुन्हा गार होतो आणि परतीच्या वेळी अजिंठा घाट चढताना पुन्हा दम टाकतो. गॅरेजमध्ये नेले की बहुतेक वेळा एकच निदान होते, ते म्हणजे गॅस कमी झाला. गॅस भरला जातो, पैसे जातात आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच कथा.

त्याहून बुचकळ्यात टाकणारी गोष्ट पावसाळ्यात घडते. जुलैत बाहेर जेमतेम 30 अंश तापमान असते, तरी काही गाड्यांचा एसी मेपेक्षाही जास्त धापा टाकतो. याचे कारण समजून घ्यायचे तर एका माणसाच्या आयुष्यात डोकवावे लागते. त्यांचे नाव आज घराघरांतल्या एसीवर कंपनीचे नाव म्हणून दिसते, पण माणूस म्हणून ते फारसे कुणाला ठाऊक नसतात.

कोण होते विलिस कॅरिअर?

विलिस हॅविलंड कॅरिअर यांचा जन्म 26 नोव्हेंबर 1876 रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील अँगोला या गावी शेतकरी कुटुंबात झाला. ते एकुलते एक. आई घरातली घड्याळे आणि शिवणयंत्रे स्वतः दुरुस्त करायची. मुलाला अपूर्णांक काही केल्या कळेनात, तेव्हा तिने तळघरातून सफरचंदे आणायला लावली आणि ती अर्धी, पाव, अष्टमांश अशी कापून त्यांच्या बेरजा-वजाबाक्या करायला लावल्या. अवघड प्रश्नाचे सोपे तुकडे करायची सवय आपल्याला तिथे लागली, असे कॅरिअर पुढे आयुष्यभर सांगत राहिले. ते 11 वर्षांचे असताना आई गेली.

घरची परिस्थिती बेताची असल्याने शालेय शिक्षणानंतर त्यांनी काही काळ शाळेत शिकवले. नंतर शिष्यवृत्ती मिळवून कॉर्नेल विद्यापीठात प्रवेश घेतला. तिथेही लोकांच्या अंगणातले गवत काप, कुणाच्या घरची भट्टी सांभाळ, अशी कामे करून खर्च भागवला. 1901 मध्ये अभियांत्रिकीची पदवी हाती आली आणि बफेलो शहरातील ‘बफेलो फोर्ज’ या कंपनीत आठवड्याला 10 डॉलर पगाराची नोकरी लागली. ही कंपनी पंखे, भट्ट्या आणि हवा गरम करणारी यंत्रे बनवायची. थंडाव्याशी तिचा संबंध नव्हता.

नव्या नोकरीत कॅरिअर यांना एक गोष्ट खटकली. गरम नळ्यांवरून हवा सोडली की तिला नेमकी किती उष्णता मिळते, याची धड आकडेवारीच कुणाकडे नव्हती. यंत्र अंदाजाने बनवायचे आणि कमी पडू नये म्हणून थोडे मोठेच ठेवायचे, अशी रीत होती. कॅरिअर यांनी मोजायला सुरुवात केली आणि कोष्टके तयार केली. कंपनीला त्याचा इतका फायदा दिसला की तिने त्यांच्यासाठी प्रयोगांची सोय करून दिली. गाडीच्या एसीबद्दल आज जे ठोकताळे चालतात, ते पाहिले तर ही मोजण्याची सवय अजून सगळीकडे पोहोचलेली नाही, असेच म्हणावे लागेल.

छापखान्यात नेमके काय बिघडले होते?

1902 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील ‘सॅकेट-विल्हेल्म्स’ या छापखान्याची अडचण बफेलो फोर्जकडे आली. रंगीत चित्र छापताना कागद यंत्रातून अनेकदा जातो, प्रत्येक वेळी एक रंग. दमट दिवसांत कागद बाष्प शोषून फुगायचा, कोरड्या दिवशी आकसायचा. मग लाल रंग एकीकडे आणि निळा दुसरीकडे. शाई वेळेत वाळायची नाही. कागदाचे ताव वाया जात होते.

म्हणजे पहिल्या आधुनिक एसीचे काम माणसांना गारवा देणे हे नव्हते. कागदाला एकसारख्या हवेत ठेवायचे होते. कॅरिअर यांनी 17 जुलै 1902 रोजी आराखडा पूर्ण केला. वाफेने हवा तापवायच्या नळ्या होत्या, त्यांतूनच थंड पाणी फिरवायचे आणि पंख्याने त्यांवरून हवा सोडायची. हवा थंड नळ्यांना लागली की तिच्यातले बाष्प दवासारखे जमते आणि गळून पडते. उरलेली हवा थंडही होते आणि कोरडीही. छापखान्यात सापेक्ष आर्द्रता वर्षभर 55 टक्के राखायची, हे लक्ष्य होते.

या यंत्रणेची ताकद दिवसाला 1,08,000 पौंड बर्फ वितळण्याइतकी होती, म्हणजे 54 टन. आज दुकानात ‘दीड टनाचा एसी’ म्हणतात तो टन हाच. एक टन बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट. छोट्या मोटारीचा एसीही साधारण एक ते सव्वा टनाचा असतो. लहानशा डब्याला खोलीएवढी ताकद का लागते, ते पुढे येईलच.

धुक्यात सुचलेली युक्ती

नळ्यांची पद्धत चालली, पण कॅरिअर यांचे समाधान झाले नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस पिट्सबर्गच्या रेल्वे फलाटावर गाडीची वाट पाहत असताना चहूकडे दाट धुके होते. धुके म्हणजे बाष्पाने पूर्ण भरलेली हवा. तरीही ती थंड असल्याने तिच्यात प्रत्यक्षात बाष्प थोडेच असते. मग हवेला हव्या त्या तापमानाच्या धुक्यातून नेले, तर तिच्यातले बाष्प किती राहील हे आपल्याच हातात राहील, हे त्यांच्या लक्षात आले. थंड पाण्याचे फवारे मारून हवा कोरडी करायची, असे हे उलटे वाटणारे तंत्र. 2 जानेवारी 1906 रोजी त्याचे पेटंट मिळाले. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द मात्र त्यांचा नाही. तो स्टुअर्ट क्रेमर या कापडगिरणीच्या अभियंत्याने त्याच वर्षी वापरात आणला.

डिसेंबर 1911 मध्ये कॅरिअर यांनी अमेरिकेतील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे एक निबंध वाचला. हवेचे तापमान, तिच्यातले बाष्प आणि तिच्यात साठलेली एकूण उष्णता यांचे नाते त्यात सूत्रांत आणि आलेखात बांधले होते. याला सायक्रोमेट्रिक तक्ता म्हणतात. जुलैतल्या त्या कोड्याचे उत्तर याच तक्त्यात आहे.

42 अंश कोरडे जड की 30 अंश दमट?

उदाहरण म्हणून दोन दिवस घेऊ. पहिला मे महिन्यातला, 42 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता. दुसरा जुलैतला, 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रता. दोन्ही दिवशी बाहेरची एक किलो हवा, म्हणजे साधारण एक घनमीटर, 8 अंशांपर्यंत थंड करायची आहे.

मेमधल्या हवेत बाष्प सुमारे 8 ग्रॅम. ती थंड करायला साधारण 37 किलोज्यूल उष्णता काढावी लागते. जुलैतल्या हवेत बाष्प सुमारे 23 ग्रॅम. त्यातले 16 ग्रॅम पाणी होऊन बाहेर पडते आणि पाणी होताना आपली सुप्त उष्णता एसीच्या अंगावर टाकते. त्यामुळे ही हवा थंड करायला सुमारे 63 किलोज्यूल लागतात, म्हणजे दीडपटीहून अधिक. थर्मामीटर 12 अंशांनी कमी दाखवत असूनही.

पावसाळ्यात उभ्या गाडीखाली पाण्याचे थारोळे साचते ते हेच. अनेक जण ती गळती समजून घाबरतात. उलट दमट दिवशी एसी चालू असताना खाली पाणी पडलेच नाही, तर निचऱ्याची नळी तुंबली असण्याची शंका घ्यावी. मग ते पाणी पायाखालच्या मॅटवर येते.

हाती नोकरी नाही, बाहेर महायुद्ध

1914 मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि बफेलो फोर्जने हात आखडता घेतला. हवा नियंत्रणाची अभियांत्रिकी शाखा बंद करून फक्त यंत्रे बनवायची, असे ठरले. कॅरिअर तेव्हा अडतिशीच्या उंबरठ्यावर होते. पहिली पत्नी क्लेअर 1912 मध्ये वारली होती आणि पुढच्या वर्षी त्यांनी दुसरा विवाह केला होता. संसार होता आणि ज्या धंद्याचे नावही लोकांना नीट माहीत नव्हते, तो धंदा हातातून निसटत होता.

सहकारी आयर्विन लाइल यांच्यासह सात अभियंत्यांनी पैसे गोळा केले. 32,600 डॉलर जमले. 26 जून 1915 रोजी कॅरिअर इंजिनिअरिंग कॉर्पोरेशनची स्थापना झाली. सुरुवातीची कामे कापड, तंबाखू, औषधे अशा कारखान्यांची होती. माणसांच्या सुखाचा विचार अजून दूर होता.

अडथळा होता यंत्राचा. तेव्हाची शीतकरण यंत्रे अवजड, दट्ट्याची आणि बहुधा अमोनियावर चालणारी. अमोनिया विषारी, त्यामुळे गर्दीच्या ठिकाणी धोक्याचा. 1922 मध्ये कॅरिअर यांनी फिरत्या चक्राच्या कॉम्प्रेसरवर चालणारे, आटोपशीर आणि तुलनेने सुरक्षित द्रव वापरणारे यंत्र लोकांपुढे आणले. 1924 मध्ये ते डेट्रॉइटच्या हडसन या मोठ्या दुकानात बसले आणि 1925 मध्ये न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहात.

रिव्होलीचा पहिला दिवस गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. यंत्र सुरू व्हायला उशीर झाला. प्रेक्षक हातपंखे घेऊनच आले होते आणि भरलेल्या सभागृहात ते पंखे हलत राहिले. कॅरिअर आणि सहकारी मागे उभे राहून घामाघूम झाले. तापलेल्या भिंती, खुर्च्या आणि शेकडो माणसांची उष्णता काढायला यंत्राला वेळ लागत होता. हळूहळू एकेक हातपंखा थांबला. पॅरामाउंटचे अडॉल्फ झुकोर बाल्कनीतून हे पाहत होते. त्यानंतर चित्रपटगृहांनी एसीसाठी रांग लावली. मुंबईत कुलाब्याचे रीगल 1933 मध्ये सुरू झाले, तेही वातानुकूलित.

गाडीत एसी कधी आला?

गाडीचा एसी कॅरिअर यांनी बनवला नाही. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने 1939 च्या नोव्हेंबरमध्ये शिकागोच्या प्रदर्शनात एसी असलेली मोटार दाखवली. किंमत जादा 274 डॉलर. थंड कॉइल मागच्या डिकीत, आणि बंद करायचे बटण नाही! गारवा नको असेल तर गाडी थांबवून बॉनेट उघडायचे आणि कॉम्प्रेसरचा पट्टा काढून टाकायचा. दोन-तीन वर्षांत हा पर्याय बंद झाला. 1954 मध्ये नॅश कंपनीने सगळी यंत्रणा बॉनेटखाली आणि डॅशबोर्डमध्ये बसवली. आजची रचना तिचीच वंशज.

मग गारवा नेमका कुठे अडतो?

गाडीचा एसी थंडी ‘तयार’ करत नाही. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो आतली उष्णता शोषतो आणि पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरमधून बाहेर टाकतो. बाहेर टाकणे अडले की आत शोषणेही अडते. सिल्लोडच्या कोंडीत नेमके हेच होते. गाडी उभी, त्यामुळे कंडेन्सरवर वारा नाही. सगळी भिस्त पंख्यावर. शिवाय पेट्रोल-डिझेल गाडीत कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला 800 च्या आसपास फेरे घेते, महामार्गावर 2,000 किंवा जास्त. कॉम्प्रेसरचा वेगही त्याच प्रमाणात घटतो. उभ्या गाडीत कोमट आणि चालत्या गाडीत गार असा फरक पडत असेल, तर गॅसच्या आधी कंडेन्सरचा पंखा तपासायला सांगावे. इलेक्ट्रिक गाडीत कॉम्प्रेसरला स्वतंत्र मोटर असल्याने हा फरक फारसा जाणवत नाही.

या रस्त्याच्या रुंदीकरणाच्या काळात ज्यांनी इथून ये-जा केली, त्यांच्या कंडेन्सरच्या बारीक पत्र्यांत धुळीचा थर बसला असण्याची शक्यता मोठी आहे. साध्या पाण्याने, कमी दाबाने धुतला तरी फरक पडतो. जोराचा फवारा मारला तर पत्रे वाकतात आणि दुखणे वाढते.

घाटात आणखी एक गोष्ट घडते. चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की अनेक छोट्या गाड्यांची संगणकीय यंत्रणा इंजिनाला जोर मिळावा म्हणून कॉम्प्रेसर थोडा वेळ स्वतःच तोडते. इंजिन फार तापले तरीही तोडते. तो बिघाड नव्हे.

आता गॅस. ही यंत्रणा बंदिस्त असते आणि पेट्रोलसारखा गॅस जळून संपत नाही. तो बराच कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा हवेतच जाणार. गाड्यांत सर्रास वापरला जाणारा आर-134ए हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,400 पट तापमानवाढ घडवतो, म्हणजे नुकसान केवळ खिशाचे नाही. जास्त भरला तरी गारवा घटतो, कारण कंडेन्सरमध्ये द्रव साचतो आणि उष्णता टाकायला जागा उरत नाही. म्हणून गॅस वजन करूनच भरायचा असतो. किती ग्रॅम, ते बॉनेटखालच्या पट्टीवर सहसा लिहिलेले असते.

आतल्या बाजूला सर्वात स्वस्त दुखणे एसी फिल्टरचे. तो तुंबला की झोत मंदावतो, आणि कॉइलवरून हवा कमी गेल्याने तिथे बर्फ धरण्याची शक्यता वाढते. तासभर नीट चाललेला एसी अचानक झोत सोडतो आणि दहा मिनिटे बंद ठेवला की पुन्हा ठीक होतो, तेव्हा बर्फाचा संशय घ्यावा. कधी हीटरची झडप नीट मिटत नाही आणि थंड हवेत गरम हवा मिसळते. अशा गाडीत कितीही गॅस भरला तरी उपयोग नाही.

आणि रिव्होलीचा धडा. फर्दापूरच्या टी-पॉइंटवर खासगी गाड्या थांबतात आणि तिथून बसने चारेक किलोमीटरवर लेण्यांकडे जावे लागते. तीन-चार तास भरउन्हात उभ्या गाडीतली हवा बाहेरपेक्षा 15 ते 20 अंशांनी सहज जास्त तापते, डॅशबोर्ड तर हात लावू देत नाही. त्यात बसलेला प्रत्येक माणूस सुमारे 100 वॉट उष्णता टाकतो आणि काचांतून ऊन येतच असते. गाडीला सव्वा टन ताकद लागते ती यासाठी. परत आल्यावर आधी सगळ्या काचा खाली करून एक-दोन मिनिटे गाडी चालवावी, तापलेली हवा बाहेर जाऊ द्यावी, मग काचा लावून आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबावे आणि ब्लोअर जोरात ठेवावा. लांबच्या प्रवासात मात्र अधूनमधून बाहेरची हवा घ्यावी, नाहीतर चालकाला पेंग येते. लहान मुलाला बंद गाडीत पाच मिनिटांसाठीही सोडू नये. तापमान वाढायला तेवढा वेळ पुरतो.

लेण्यांना का नाही एसी?

ब्रुकलिनच्या छापखान्यातले दुखणे अजिंठ्यातही आहे, फक्त कागदाऐवजी भिंत. इथली चित्रे मातीच्या गिलाव्यावर काढलेली आहेत आणि त्या मातीत भाताचा तूस, वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत. दमटपणा वाढला-घटला की हा गिलावाही फुगतो, आकसतो, सुटतो. बसलेला माणूस तासाला साधारण 40 ते 50 ग्रॅम बाष्प श्वासातून आणि त्वचेतून सोडतो. चाळीस जणांचा गट तासभर लेण्यात राहिला तर सुमारे दोन लिटर पाणी हवेत जाते. म्हणूनच चित्रांच्या लेण्यांत एका वेळी ठरावीक लोकांनाच सोडतात. वाहने दूर ठेवण्यामागेही लेण्यांचे रक्षण हेच कारण आहे.

योगायोग असा की कॅरिअर नव्या यंत्रावर काम करत होते त्याच काळात, 1920 ते 1922 दरम्यान, निजाम सरकारने इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावून या चित्रांची डागडुजी करवली. त्यांनी सुटलेला गिलावा पक्का केला हे खरे, पण चित्रांवर दिलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडला आणि पुरातत्त्व खात्याला तो काढत बसावे लागले. लेणी ही उघडी खोरी, वाघूर नदीच्या कड्यात कोरलेली. तिथे यंत्राने हवा राखणे म्हणजे नवे धोके ओढवून घेणे.

अखेरची वर्षे

1929 नंतरच्या मंदीने कॅरिअर यांच्या कंपनीला दोन इतर कंपन्यांत विलीन व्हावे लागले. 1937 मध्ये ती सिरॅक्यूजला हलली. 1939 च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात त्यांनी बर्फाच्या घराच्या आकाराचा मंडप उभारून लोकांना गार हवेत फिरवले. घरोघरी एसी पोहोचण्याची लाट दुसऱ्या महायुद्धानंतर आली, तेव्हा कॅरिअर यांची प्रकृती खालावली होती. 7 ऑक्टोबर 1950 रोजी वयाच्या 73 व्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचा 1911 मधला तक्ता आता मोबाइलवरही मिळतो. तरी महाराष्ट्रात यांत्रिकी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना रेफ्रिजरेशनचा पेपर सोडवताना तो छापील स्वरूपातच समोर ठेवावा लागतो, आणि पट्टी-पेन्सिल घेऊन दवबिंदूची आडवी रेघ आजही हातानेच ओढावी लागते.